गॅसची ज्योत विझविण्याची घाई का नको?

प्रोपेनच्या टाकीस आग लागली असता अग्निशामक दल प्रथम ज्योत विझवीत नाही, याचे पाहणाऱ्यास नवल वाटते. परंतु झडप बंद होण्यापूर्वी ज्योत विझली, तर वायू गळतच राहतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने गटारांत व तळघरांत साचतो. हवेतील त्याचे प्रमाण शेकडा २ च्या वर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून जवान वारा पाठीशी घेऊन येतात, ज्योत जळू देतात आणि पाण्याचा मारा करतात तो टाकीवर, विशेषतः तिच्या वरच्या भागावर. खालच्या पोलादाची उष्णता आतील द्रव शोषून घेतो. वर मात्र केवळ वाफ असते, तेथील पोलाद तापून मऊ होते व फाटते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किंगमन येथे ५ जुलै १९७३ रोजी रेल्वेच्या प्रोपेन टाकीवर पुरेसे पाणी पोहोचण्यापूर्वीच, सुमारे २० मिनिटांत, ती फुटली. ११ अग्निशामक मृत्युमुखी पडले; जवळ जमलेले अनेक बघेही भाजले.

सुरक्षा-झडपेचा आवाज चढू लागला, की जवानांनी तत्काळ मागे हटावयाचे असते. पाणी अपुरे असल्यास जवळ जावयाचेच नाही. घरगुती सिलिंडरात प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते; तेथेही हाच नियम. ग्रामस्थांनी दूर राहून दलास जवळची विहीर वा तळे दाखवावे.