कोणत्या भाषेची फी भरावी?

कर्जत-खालापूरची मुले लोकलने ठाण्याला आणि तिथून ऐरोलीला संगणकाची नोकरी शोधायला जातात. घरची माणसे विचारतात, "सर, कोणत्या भाषेचा क्लास लावू?" श्रोतेहो, बँकांच्या मोठ्या कारभारात १९९५ साली आलेली जावा अजून राबते, कृत्रिम बुद्धिमत्तेला १९९१ ची पायथन लागते, वेबपानांचे जावास्क्रिप्टवाचून चालत नाही. रिॲक्ट, अँग्युलर ह्या मात्र भाषा नव्हेत. भाषेवर उभारलेले तयार सांगाडे, म्हणजे फ्रेमवर्क. मागणी त्यांनाही आहे, पण ते लवकर पालटतात. २०१० सालच्या अँग्युलरजेएसची देखभाल गूगलने २०२१ अखेर थांबवली बघा! मूळ जावास्क्रिप्ट पक्की असलेल्याला दुसरा सांगाडा जड जात नाही. नुसता सांगाडा घोकणारा अडतो. तेव्हा क्लासवाल्याला आधी विचारा: भाषा किती महिने, सांगाडा किती?