निविदेतील जात

विकासाचा प्रकल्प म्हटला की आपल्या लेखकांची नजर एक तर उद्घाटनाच्या कोनशिलेवर जाते, नाही तर विस्थापितांच्या मोर्चावर. या दोहोंच्या मध्ये एक लांबलचक कागदी व्यवहार असतो : अंदाजपत्रक, निविदा, ठेका, मोजमाप आणि बिल. हा व्यवहार रुक्ष आणि बहुधा इंग्रजीत, म्हणून आपण तो अभियंत्यांवर आणि ठेकेदारांवर सोपवून मोकळे झालो. परंतु दलित वस्तीपर्यंत पाइप पोहोचणार की नाही, याचा निकाल बऱ्याच वेळा याच कागदावर लागलेला असतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगली भागातील पूरनिवारणासाठी जागतिक बँकेच्या कर्जाची योजना पुढे आली. तेव्हा हा कागद वाचायला शिकणे आपल्याला भाग आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जागतिक बँक स्वतः सिमेंट किंवा पाइप विकत घेत नाही. ती कर्ज देते; खरेदी करते ते कर्जदार सरकार. मात्र खरेदी कशी करावी याचे नियम कर्जकराराबरोबर येतात. मोठ्या कामाला देशोदेशीच्या कंपन्यांना खुली निविदा, त्याखालच्या कामाला देशांतर्गत निविदा, किरकोळ मालाला निदान तीन दरपत्रके, अशी साधारण उतरंड असते. मोठ्या ठेक्यांना बँकेची ना-हरकत आधी घ्यावी लागते; लहान ठेके मागाहून तपासले जातात. वशिलेबाजी रोखावी आणि स्पर्धा खुली ठेवावी, हा यामागचा हेतू. तो वाईट म्हणता येणार नाही. वशिल्याने वाटलेल्या कामापेक्षा जाहीर निविदा आपल्याला केव्हाही परवडते, कारण वशिला आपल्याकडे कधी नव्हताच.

पण ‘खुली’ या शब्दाची उलटतपासणी केली पाहिजे. निविदा भरणाऱ्याकडून मागील वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा पूर्वानुभव, बयाणा रक्कम आणि बँक हमी मागितली जाते. यात जातीचा उल्लेख कुठेही नाही. परंतु हमीला तारण लागते आणि खेड्यातले तारण म्हणजे जमीन. अनुभवाला आधीचा ठेका लागतो आणि तो ठेका ज्याच्या आजोबाला मिळाला त्याच्याच नातवापाशी अनुभव साठतो. पिढ्यान्‌पिढ्या माती उपसणारा माणूस मग पोटठेकेदाराच्याही खाली, रोजंदारीवर या प्रकल्पात शिरतो. कर्ज मात्र त्याच्याही करातून फिटत असते.

समान दिसणारा निकष विषमता कशी जोपासतो, याचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण लातूर-उस्मानाबादचे आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. या गावांत घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमीनधारणेवरून. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच क्षणी जमीनदोस्त केली होती. सरकारी निकषाने त्यांच्यातील अंतर पुन्हा मोजून बांधून दिले. भूमिहीनांत दलित किती मोठ्या संख्येने असतात, हे या वाचकांना सांगायला नको.

याच्या उलट दिशेचा एक प्रयत्नही नोंदवला पाहिजे. २००३ साली मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जावरील जलस्वराज्य प्रकल्पाने खरेदीचा अधिकार गावाकडे आणला. निर्णय ग्रामसभेचा, पैसा गावाच्या पाणीपुरवठा समितीच्या खात्यात, खरेदी समितीची आणि तपासणीला सामाजिक लेखापरीक्षण समिती. रचना लोकशाहीची होती. पण गाव म्हणजे काय? बाबासाहेबांनी गावाबद्दल दिलेला इशारा येथे आठवावा. योजनेच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा लोकवर्गणीतून उभा करायचा होता. जो वर्गणी अधिक देतो त्याचा आवाज सभेत अधिक चालतो. अशा वेळी समितीत आपला माणूस केवळ सहीपुरता आहे, की पाइपची लांबी ठरवताना बोलतो आहे, यावर सारे अवलंबून राहते.

कोल्हापूरला खरेदीचे हे राजकारण नवे नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला प्रोत्साहन दिले आणि तिथला चहा ते स्वतः लोकांसमक्ष प्याले. अस्पृश्याच्या मालाला गिऱ्हाईक नसेल तर राज्यकर्त्यानेच गिऱ्हाईक व्हावे, हा त्या कृतीचा अर्थ. १९०२च्या नोकऱ्यांतील आरक्षणाची आपण आठवण ठेवली. हा दुसरा धडा मात्र मागे पडला.

सीमेपलीकडे कर्नाटकाने तो कायद्यात आणला. तेथे २०१७पासून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जातींच्या ठेकेदारांना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखीव झाली. २०२३मध्ये ही मर्यादा एक कोटीवर नेली. केंद्राच्या २०१२च्या धोरणातही लघुउद्योगांकडून करावयाच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के हिस्सा आहे. परदेशी कर्जाच्या प्रकल्पांत मात्र खुल्या स्पर्धेच्या नियमांपुढे असा राखीव हिस्सा सहसा टिकत नाही. म्हणून निविदा निघाल्यावर आरडाओरडा करण्यात अर्थ नाही; कर्जकराराची बोलणी चालू असतानाच आपली मागणी पोहोचली पाहिजे.

ती मागणी नेमकी असावी. अंदाजपत्रक आणि नकाशा मराठीत ग्रामसभेपुढे यावा आणि त्यात दलित वस्ती कुठे आहे ते दाखवलेले असावे. एकच मोठा ठेका काढण्याऐवजी जिथे शक्य तिथे कामाचे लहान भाग करावेत, म्हणजे बयाणा आणि उलाढालीची अट आपल्या तरुणांच्या आवाक्यात येईल. वस्तीत पाणी आल्याची खात्री वस्तीतील बायांनी दिल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये. आणि बँकेने स्वतःचेच नियम मोडले तर दाद मागण्यासाठी नर्मदेच्या लढ्यानंतर, १९९३ साली, स्थापन झालेले तपासणी मंडळ आहे; बाधित लोक तिथे तक्रार करू शकतात. आपले पदवीधर तरुण कविता लिहितात, भाषणे करतात. त्यांतल्या काहींनी आता निविदेच्या अटी वाचून वस्तीला समजावून सांगण्याचे काम अंगावर घ्यावे.