मीठ-साखरेच्या पाण्यात साखर कशासाठी? आतड्यातल्या एका दाराची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले ट्रकचे हॉर्न काढलेत. कळंबोलीत बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे तेवढं चालायचंच!

आजचा प्रश्न साधा आहे. जुलाब लागले की घरातली मोठी माणसं मीठ-साखरेचं पाणी देतात. अंगातलं पाणी कमी झालंय, मग नुसतं पाणी का नाही चालत? बरेच जण म्हणतात, साखर ताकदीसाठी. पण तिचं खरं काम वेगळंच आहे. ते कळायला आधी कर्बोदकं आतड्यात कशी पचतात ते बघू.

समजा, तुम्ही वडापाव आणि चहा घेतला. पावातला मैदा आणि वड्यातला बटाटा म्हणजे स्टार्च, ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्यांची लांब साखळी. चहातली साखर म्हणजे दोनच कड्या, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. दुधातली साखर लॅक्टोज, तीही दोन कड्यांची, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. आतड्याचा नियम एकच: सुटी कडी असेल तरच आत प्रवेश. आपल्या लोखंड बाजारातली अख्खी कॉइल कुणाच्या छोट्या वर्कशॉपच्या दारातून जाते का? आधी कापावी लागते. तसंच हे.

कापाकापी तोंडातच सुरू होते. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर स्टार्च तोडायला लागतं. जठरातल्या आम्लामुळे ते काम थांबतं. लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून नवीन अमायलेज येतं आणि साखळीचे बहुतेक दोन-तीन कड्यांचे तुकडे होतात. शेवटचा घाव मात्र आतड्याच्या भिंतीवरच बसतो. तिथं माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज अशी विकरं चिकटलेलीच असतात. कडी सुटली की दार समोरच!

ही भिंत सपाट नसते. तिच्यावर बोटांसारखे बारीक रसांकुर असतात आणि त्यांच्या पेशींवर आणखी बारीक केसांसारखी रचना. पूर्वी म्हणायचे, हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजमाप केलं, तेव्हा आकडा सुमारे ३० चौरस मीटर निघाला. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, आपल्याकडचं वन रूम किचनच म्हणा ना. पोटात मावतं म्हटल्यावर तेही काही कमी नाही.

आता ते दार. त्याचं नाव एसजीएलटी-१. हे दार ग्लुकोजला एकट्याने आत घेत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन लागतात, आणि सोडियम म्हणजे आपल्या मिठातला भाग. पेशी मागच्या बाजूने पंप लावून सोडियम सतत बाहेर काढत असते. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं आणि आतड्यातलं सोडियम आत यायला बघतं. त्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं. आणि ही जोडी आत शिरली की तिच्यामागून पाणीही शोषलं जातं. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली.

कॉलऱ्यासारख्या आजारात आतडं भराभर पाणी बाहेर टाकतं. नुसतं पाणी प्यायलं तर ते पुरेसं आत टिकत नाही आणि गेलेलं मीठही भरून येत नाही. पण हे जोडीचं दार तेव्हाही चालू असतं! साखर म्हणजे मीठ आणि पाण्याला आत नेणारी सोबतीण.

याची मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पाजायला सुरुवात केली, तेही रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून. आधी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण प्रमाण चुकलं की खेळ उलटतो. आत न गेलेली साखर आतड्यात पाणी ओढून धरते. काहींना ग्लासभर दूध प्यायलं की पोट गुडगुडतं, ते यामुळेच: लॅक्टेज कमी असतं, लॅक्टोज तसंच पुढे सरकतं. जुलाबात कोल्ड्रिंक किंवा पॅकेटचा ज्यूस दिला तर साखर जास्त, मीठ कमी, आणि जुलाब वाढतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. मेडिकलमधून घेताना जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघा. त्यात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं.

पाकीट हाताशी नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंदाजपंचे नको, चमचा सपाट करूनच घ्या. घोट घोट द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. पाकिटात पोटॅशियमही असतं, त्यामुळे ते मिळालं की तेच वापरा. बाळ अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका.

आणि हे नीट वाचा: मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पीत नसेल, तर घरी थांबायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा, वाटेत पाणी पाजत पाजत.

ही चमच्यांची मापं आत्ताच फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!