वायूचे द्रवीभवन आणि क्रांतिक तापमान

द्रव्याच्या अवस्थांतराचा विषय शिकविताना 'वायूवर पुरेसा दाब दिला असता त्याचा द्रव होतो' असे विधान सर्रास केले जाते. तापमानाची अट घातल्यावाचून हे विधान अपुरेच नव्हे, तर चुकीचे ठरते.

मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूप केला. परंतु ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन हे वायू प्रचंड दाबालाही दाद देईनात. त्यांना 'स्थायी वायू' असे नावही पडले. हे कोडे उलगडले ते बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज यांच्या कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांमुळे (१८६९). सुमारे ३१° से. तापमानाच्या खाली दाब वाढविताच काचेच्या नळीत द्रव व वायू यांमधील सीमा स्पष्ट दिसे. त्या तापमानाच्या वर मात्र कितीही दाब दिला तरी ती उमटत नसे. या मर्यादेस क्रांतिक तापमान म्हणतात. त्याच्या वर रेणूंची गतिज ऊर्जा इतकी असते की परस्पर आकर्षण त्यांना द्रवरूपात बांधून ठेवू शकत नाही. याहून लक्षणीय बाब अशी, की वायू या मर्यादेच्या वर तापवून, तेथे भरपूर दाबून, मग दाब कायम ठेवून थंड केला, तर शेवटी हाती द्रव येतो. पण तो नेमका कोणत्या क्षणी द्रव झाला, हे सांगता येत नाही. द्रव व वायू यांतील भेद आपण मानतो तितका मूलभूत नाही, हे यावरून दिसते.

ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान सुमारे −११८° से. आहे, म्हणून आधी शीतन आवश्यक होते. ते साधताच १८७७ मध्ये कायते व पिक्ते यांनी स्वतंत्रपणे ऑक्सिजनचे द्रवीभवन केले.

वर्गात यासाठी प्रयोगशाळेबाहेरचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन यांची क्रांतिक तापमाने अनुक्रमे सुमारे ९७° व १५२° से.; त्यामुळे सिलिंडरमध्ये ते साध्या तापमानास, माफक दाबाखाली द्रवरूपात राहतात. रिक्षांतील सीएनजी मुख्यतः मिथेन असतो व त्याची मर्यादा सुमारे −८३° से. आहे. म्हणून टाकीत सुमारे २०० बार दाब असूनही तो वायूच राहतो. सीएनजी वापरला जाईल तसा दाबमापकाचा काटा उतरत जातो. घरगुती सिलिंडरमध्ये मात्र थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी तापमान न बदलल्यास बाष्पदाब जवळजवळ तेवढाच राहतो. दाबावरून शिल्लक गॅसचा अंदाज येत नाही. त्यासाठी सिलिंडर काट्यावरच ठेवावा लागतो.