मधुमेह व हृद्‌रोहिणी विकार

मधुमेह व हृद्‌रोहिणी विकार : हृदयस्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या (धमन्या) मेदयुक्त थरांमुळे अरुंद होण्याच्या विकाराला हृद्‌रोहिणी विकार म्हणतात. मधुमेही व्यक्तींत तो अधिक प्रमाणात, कमी वयात व पुष्कळदा एकाहून अधिक रोहिण्यांत आढळतो.

रक्तातील ग्लुकोज दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रोहिणीच्या अंतःस्तराला इजा पोहोचते. ट्रायग्लिसराइडे वाढतात, उच्च घनतेचे कोलेस्टेरॉल घटते आणि कमी घनतेच्या लिपोप्रथिनांचे कण लहान व दाट बनतात. बिंबाणू सहज एकत्र येतात. थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली, की हृदयविकाराचा झटका येतो.

फिनलंडमधील १९९८ सालच्या एका अभ्यासात, पूर्वी झटका न आलेल्या मधुमेहींपैकी २०·२ टक्क्यांना सात वर्षांत झटका आला. पूर्वी झटका आलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या व्यक्तींत हे प्रमाण १८·८ टक्के होते. ही समानता सरसकट लागू पडत नाही, मधुमेहाचा कालावधीही महत्त्वाचा असतो, असे पुढे दिसून आले.

भारतात हा धोका केवळ स्थूल व्यक्तींपुरता नाही. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या, चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तेथील नवजात अर्भके ब्रिटिश अर्भकांपेक्षा वजनाने बरीच कमी, तरीही तुलनेने अधिक मेदयुक्त आढळली. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांसारख्या, कुपोषित आदिवासी वाड्या व खोपोलीसारखे औद्योगिक शहर शेजारी असणाऱ्या प्रदेशात हा निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे. कारण कृश शरीरयष्टी मधुमेहापासून संरक्षणाची हमी देत नाही.

मधुमेहाने स्वायत्त तंत्रिकांना इजा झाल्यास झटक्याच्या वेळी छातीत वेदना होतेच असे नाही. धाप लागणे, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढीच लक्षणे दिसतात व ती अपचनाची समजली जातात. झटक्यात हृदयस्नायूचा नाश वेळेनुसार वाढत जातो. डोंगराळ भागातील वाड्यांवरून रुग्णालय गाठण्यास मुळातच विलंब होतो, त्यात हा गैरसमज घातक ठरतो. अशा लक्षणांत मधुमेही रुग्णाचा विद्युत् हृल्लेख (ईसीजी) तातडीने काढणे आवश्यक असते.

प्रतिबंधासाठी ग्लुकोजइतकेच रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण, नियमित व्यायाम आणि धूम्रपान, तंबाखू व मिश्री यांचा त्याग महत्त्वाचा आहे. अनेक रोहिण्या बाधित असलेल्या मधुमेहींत रोहिणी फुग्याने रुंदावून जाळीनळी (स्टेंट) बसविण्यापेक्षा बायपास शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन फलित सामान्यतः सरस असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले.