राखीव गाड्या किती असाव्यात?

सकाळची एसटी आली नाही की दूरच्या वाडीवरची मुले पहिल्या तासाला वर्गात नसतात, हा अनुभव खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकाचा आहे. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. पण फेरीच रद्द झाली तर पासाचा काय उपयोग? अशा वेळी आपण चिडून विचारतो, "आगारात चार-पाच गाड्या उभ्या आहेत, त्यांतली एक का सोडत नाहीत?"

उभी गाडी म्हणजे वाया गेलेली गाडी, असे मात्र नाही. ब्रेक, क्लच, टायर, ऑइल यांची तपासणी ठरावीक अंतर धावल्यावर करावीच लागते. किरकोळ कामे रात्री किंवा दुपारी, गर्दी नसताना उरकता येतात. मोठे काम निघाले तर गाडी काही दिवस अडकते. म्हणून गर्दीच्या वेळी लागतात त्यापेक्षा थोड्या जास्त गाड्या बाळगाव्या लागतात.

ठरलेल्या कामाचे गणित सोपे आहे. समजा, आगारात ६० गाड्या आहेत व प्रत्येकीला ३० दिवसांतून एक दिवस देखभालीसाठी हवा आहे. मग रोज दोन गाड्या आत घ्यायच्या. पण साठही गाड्या एकदम नव्या आल्या आणि सारख्याच धावल्या, तर सगळ्यांची पाळी एकाच वेळी येईल! म्हणून पाळ्या आधीपासूनच विभागाव्या लागतात.

अचानक होणाऱ्या बिघाडांचे काय? समजा, रोज १० गाड्या हव्यात आणि कोणतीही गाडी बंद असण्याची शक्यता दहांत एक आहे. एक राखीव गाडी पुरेल, असे प्रथम वाटते. परंतु संभाव्यतेचा हिशेब केला, तर ११ गाड्या असूनही शंभरांतल्या सुमारे ३० दिवशी गाडी कमी पडते. १२ असतील तर ११ दिवशी, १३ असतील तर तीन-चार दिवशी. म्हणजे दहा गाड्यांमागे तीन राखीव!

आता गंमत पाहा. अशी दहा आगारे स्वतंत्रपणे चालवली तर राखीव गाड्या ३० लागतील. शंभर गाड्यांचे एकच आगार असेल, तर तेवढ्याच भरवशासाठी सुमारे १७-१८ पुरतात. कारण सगळीकडे एकाच दिवशी जास्त बिघाड होणे दुर्मिळ असते. एकीकडची तूट दुसरीकडची शिल्लक भरून काढते. अर्थात, आगारे लांब असतील तर गाडी रिकामी आणण्याचा खर्च पडतो.

अमेरिकेतील संघीय परिवहन प्रशासनाने गर्दीच्या वेळी ५० किंवा अधिक बस चालवणाऱ्या सेवांसाठी राखीव गाड्यांची मर्यादा २० टक्के धरली आहे. लहान सेवेला हे प्रमाण अपुरे का पडेल, हे वरील हिशेबावरून ध्यानात येईल. ही टक्केवारी एकूण गाड्यांवर काढत नाहीत, तर लागणाऱ्या गाड्यांवर काढतात. १२० पैकी १०० लागत असतील, तर राखीव २० टक्के, १६.७ नव्हे. टक्केवारीचा पाया कोणता, हे शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

राखीव गाड्या कमी केल्या की खर्च वाचल्यासारखा वाटतो. मग फेरी चुकू नये म्हणून देखभालीची पाळी आलेली गाडीच रस्त्यावर पाठवली जाते. ती पुढे घाटात बंद पडते, तूट वाढते आणि आणखी एका गाडीची पाळी टळते. या चक्राची किंमत थांब्यावर उभे असलेले मूल मोजते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. ० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या करा. एक काढा, अंक लिहा, चिठ्ठी परत टाका. असे ११ वेळा केले की एक 'दिवस' झाला. शून्य म्हणजे बंद गाडी. दोन किंवा अधिक शून्ये आली तर त्या दिवशी फेरी रद्द. पन्नास 'दिवस' खेळा. मग ११ ऐवजी १३ चिठ्ठ्या काढून, तीनपर्यंत शून्ये चालतील असे धरून पुन्हा खेळा. आगारात उभ्या असलेल्या गाडीकडे मुले मग वेगळ्या नजरेने पाहतील.