क्षेपणास्त्र संरक्षण : चाचण्यांचे यश आणि विश्वासपातळी

मध्य प्रदेशातील पनागर ज्या जबलपूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील खमरिया येथील आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून दारूगोळा तयार करीत आली आहे. दारूगोळ्याच्या खेपेतून काही नग यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्यक्ष डागले जातात व त्यावरून संपूर्ण खेपेविषयी निर्णय घेतला जातो. डागलेला नग परत मिळत नाही. म्हणून नमुन्यावरून अनुमान काढण्यावाचून गत्यंतर नसते. येथे नमुना मोठा ठेवणे तुलनेने परवडते. शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातच पाडणाऱ्या प्रतिरोधक क्षेपणास्त्राबाबत मात्र तसे नाही.

भारताने २७ नोव्हेंबर २००६ रोजी वातावरणाच्या वरच्या सीमेजवळ, सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, तर ६ डिसेंबर २००७ रोजी सुमारे १५ किलोमीटर उंचीवर लक्ष्यवेध साधला. दुसऱ्या टप्प्यातील प्रणालीची चाचणी २४ जुलै २०२४ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर झाली. अशा प्रत्येक चाचणीत लक्ष्य व प्रतिरोधक अशी दोन्ही क्षेपणास्त्रे खर्ची पडतात. साहजिकच चाचण्यांची संख्या मर्यादित राहते.

समजा, एखाद्या प्रणालीच्या दहापैकी दहाही चाचण्या यशस्वी झाल्या. तिची विश्वसनीयता १०० टक्के मानता येईल काय? प्रत्येक वेळी यशाची संभाव्यता ०.७४ असली, तरी सलग दहा यशांची संभाव्यता ०.७४ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.०५ येते. म्हणून ९५ टक्के विश्वासपातळीवर ‘विश्वसनीयता किमान ७४ टक्के आहे’ एवढाच दावा करता येतो. किमान ९० टक्क्यांचा दावा करण्यास सलग २९, ९५ टक्क्यांसाठी ५९, तर ९९ टक्क्यांसाठी २९९ यशस्वी चाचण्या लागतात. एक अपयश आल्यास ९० टक्क्यांसाठी २९ ऐवजी एकूण ४६ चाचण्या आवश्यक ठरतात.

विद्यार्थ्यांनी येथे दोन संकल्पनांची गल्लत करू नये. विश्वसनीयता हा प्रणालीचा गुण होय; विश्वासपातळी ही अनुमानपद्धतीची खात्री होय. शिवाय वरील गणित चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र व समान परिस्थितीत झाल्या, असे गृहीत धरते. लक्ष्याच्या उड्डाणाची वेळ व मार्ग आधी ठाऊक असताना मिळालेले यश फसव्या लक्ष्यांसह होणाऱ्या अनपेक्षित हल्ल्यास जसेच्या तसे लागू पडत नाही.

एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रे सोडणे हा एक उपाय आहे. प्रत्येकाची विश्वसनीयता ८० टक्के असल्यास एकत्रित संभाव्यता ९६ टक्के होते. परंतु रडारच चुकले तर दोन्ही एकदमच चुकतील. म्हणून सुट्या भागांच्या जमिनीवरील चाचण्या, संगणकीय प्रतिरूपे आणि मोजकी प्रत्यक्ष उड्डाणे यांची सांगड घातली जाते. त्यातही प्रतिरूपाची सत्यता उड्डाणांतूनच पडताळावी लागते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रत्येक चाचणी म्हणजे माहितीची खरेदी होय. अपुऱ्या चाचण्यांनी वाचलेला पैसा संरक्षणाविषयी अवाजवी विश्वास निर्माण करीत असेल, तर ती बचत महागात पडते. म्हणूनच यशाच्या आकड्यासोबत चाचण्यांची संख्या, परिस्थिती आणि विश्वासपातळी यांचीही नोंद पाहणे आवश्यक ठरते.